गळा मोकळा, तर मन मोकळे

घरात कुणाला ताप आला तर आपण लगेच कपाळाला हात लावून बघतो. पण मन आजारी पडले तर? बाईचे मन आजारी पडले की ‘कामाचा कंटाळा आहे’ नाही तर ‘नखरे आहेत’ असे म्हणून घर मोकळे होते.

आमच्या धनजच्या घरात माझ्या धाकट्या जावेला दुसरी मुलगी झाली आणि महिन्याभरात तिची रयाच गेली. वेणीफणी नाही, रात्र-रात्र झोप नाही, मधूनच छातीत धडधड. बाळ रडत असे आणि ही भिंतीकडे बघत बसे. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. “पोरीले नजर लागली,” म्हणाल्या. मग एका संध्याकाळी तिने लेक माझ्या मांडीवर ठेवली. “जाऊबाई, तुम्हीच घ्या इले. माह्याच्यानं नाई होत.” ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला अमरावतीला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. बाळंतपणानंतरचे हे औदासीन्य आहे, ते औषधाने बरे होते, असे त्यांनी घरच्यांना नीट समजावून सांगितले. गोळ्या सुरू झाल्या. जाता जाता त्यांनी विचारले, “यांना पूर्वी कशाची आवड होती?” ती माहेरी भजनात म्हणायची, एवढे मला ठाऊक होते.

आमच्या वऱ्हाडात खंजिरी भजन घरोघरी पोचले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. मोझरीचा गुरुकुंज आश्रम त्यांनी १९३५ साली स्थापन केला. गावातल्या बायकांच्या भजनाला मी जावेला घेऊन जाऊ लागले. पहिले दोन आठवडे ती नुसती बसून असे. “माह्या गयातून आवाजच निंघत नाई,” म्हणायची. मग कुणीतरी हातात टाळ दिले. ताल धरता धरता ओठ हलू लागले. महिन्याभराने एका दुपारी पाळण्यापाशी अंगाई ऐकू आली. सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात एकमेकींकडे नुसत्या बघत राहिलो.

हा काही चमत्कार नव्हे हं! गाताना ओळ संपेपर्यंत श्वास लांबवावा लागतो. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. ताल आणि शब्द सांभाळताना मनातले तेच ते विचार थोडे मागे सरतात. शिवाय चारचौघींत बसले की एकटेपणा निवळतो.

ब्रिटनमधल्या १३४ मातांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या औदासीन्याचा त्रास जास्त असलेल्या ज्या माता बाळांसह दहा आठवडे एकत्र गायल्या, त्यांना नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर उतार पडला. २०१७ सालच्या आणखी एका आढाव्यात, नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर निदान काही काळ औदासीन्य आणि चिंता कमी होते, असे आढळले.

आपल्या आज्यांना हे कुणी शिकवले नव्हते. त्या जात्याशी बोलत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत. सासर, माहेर, मेलेले मूल, सारे काही त्यांत आहे. जाते गेले, मिक्सर आला. पण मन हलके करण्याची जागाही त्याबरोबर गेली, नाही का?

तेव्हा एवढे करून बघा. रोज ठरावीक वेळी पंधरा-वीस मिनिटे गाण्यासाठी ठेवा. मन उदास असताना एकदम उडत्या चालीचे गाणे लावू नका. आधी मनाशी जुळणारे संथ गाणे, मग हळूहळू प्रसन्न. ज्या गाण्याने जुनी दुखणी उकरली जातात ते बाजूला ठेवा. नुसते ऐकण्यापेक्षा गुणगुणा. कणीक मळताना, भाजी निवडताना कोण सूर तपासायला येतंय? जमल्यास चार शेजारणी जमवा. भुलाबाईची गाणी फक्त मुलींनीच म्हणावीत असे थोडेच आहे!

मात्र गाणे हे औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. माझ्या जावेच्या गोळ्या डॉक्टरांनीच पुढे हळूहळू कमी करून थांबवल्या. दोन आठवड्यांहून जास्त उदासी राहिली, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला काही करावेसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

आणि घरातली एखादी गाणारी बाई अचानक गप्प झाली असेल, तर तिला ‘काय झालं?’ एवढे विचारायला विसरू नका.