भोकांचं विणकाम

बालदोस्तांनो, कोकणात निघालेली एस.टी. पेणला रामवाडीच्या स्थानकात शिरली, की तुम्हांला काय आठवतं? गणपतीच्या मूर्ती आणि पापड, हो ना? पण या वेळी जरा धरमतरच्या खाडीकडे वळा. बांध, मिठागरं आणि ओल्या चिखलाचा वास! हा खारेपाट. इथल्या आगरी-कोळी घरांत पूर्वीपासून विणकाम चालायचं. स्वेटरचं नव्हे हं! आपल्या उकाड्यात स्वेटर घालणार कोण?

तिकडे इंग्लिश खाडीतल्या गर्नसी बेटाच्या नावाचा एक लोकरी स्वेटर आहे. थंड समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांसाठी तो अगदी घट्ट विणत, वारा आत शिरू नये म्हणून. आपल्या कोळ्यांचं विणकाम बरोबर उलटं. त्यात भोकंच महत्त्वाची!

जाळ्याच्या भोकाला म्हणतात 'आस'. बांबूच्या पट्टीवरून दोरा घ्यायचा, सुईने गाठ मारायची. पट्टी एकच, म्हणून भोकं सारखी. हाताने फेकायचा गोल पाग असाच विणत. भरती-ओहोटीच्या ओढीत लावायच्या डोल जाळ्याची भोकं मात्र तोंडाशी मोठी आणि शेपटाकडे बारीक बारीक होत जातात. पूर्वी दोरा सुताचा किंवा तागाचा असे. तो कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवत. पुढे नायलॉन आलं, यंत्रावर विणलेली जाळी आली. हातांना उरली मुख्यतः डागडुजी.

आता भोकाची गंमत ऐका. खारेपाटाचा लाडका मासा म्हणजे जिताडा. बंगालात तो भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामंडी. त्याचं कालवण करावं ते इथल्याच मावशींनी. लसणीची फोडणी, घरचा मसाला, चिंचेचा कोळ आणि सोबत तांदळाची भाकरी. (लिहिता लिहिता मलाच भूक लागली!) हा जिताडा बहुधा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाला, की मादी होतो! म्हणजे बारीक भोकाच्या जाळ्यात लहानगे जिताडे सापडत राहिले, तर अंडी घालायला मादी येणार कुठून? इथले शेतकरी जिताड्याची पिल्लं तळ्यात सोडून वाढवतात खरे, पण ती पिल्लंही पूर्वी खाडीतूनच आणत.

ही काळजी एकट्या जिताड्याची नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. चंदेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. मला विचाराल तर हेही कमीच, तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीहूनही आखूड!

तेव्हा पुढच्या वेळी आईबाबांबरोबर मासळीबाजारात जाल, तेव्हा ती पट्टी खिशात ठेवा. मात्र कोळीणमावशी रागावल्या, तर माझं नाव सांगू नका!