पीवणा, फुरसे आणि जमिनीवर झोपणारी माणसं

साप-विंचवाची भीती सगळ्यांना सारखीच वाटते, असं आपण समजतो. भीती सारखी असेलही. मरण मात्र सारखं वाटलं गेलेलं नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक सगळी खेड्यातली, शेतात राबणारी. हा आकडा मला आधीपासून माहीत होता. त्यामागची माणसं दिसली ती थरच्या वाळवंटात.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पाच मित्र जैसलमेरला गेलो होतो. सम इथल्या वाळूच्या टेकड्यांजवळ तीन रात्री तंबूत राहिलो. पहिल्याच रात्री दिव्याच्या उजेडात एक पिवळट, केसाळ, हाताच्या पंजाएवढा प्राणी सुसाट धावत आला आणि आम्ही पाचही जण खाटांवर चढलो. त्याला कॅमल स्पायडर म्हणतात. दिसायला भयंकर, पण त्याला विष नसतं. दिव्यावर जमणारे किडे खायला तो येतो. दुसऱ्या रात्री एका मित्राने नोटा तपासायचा जांभळा टॉर्च वाळूवर फिरवला, तर तंबूच्या दोरीपाशी विंचू हिरवट चमकत बसलेला. तिसऱ्या सकाळी तंबूमागे वाळूत तिरप्या, सुट्या-सुट्या रेघा दिसल्या. फुरसे आडवं सरकत गेल्याची ती खूण होती. खवले घासून करवतीसारखा आवाज काढणारं हे फुरसे आपल्या कोकणातही आहे.

आमच्यासाठी हे सगळं परत येऊन सांगायचे किस्से होते. कारण आमच्याकडे खाट होती, चेनने बंद होणारा तंबू होता, बूट होते आणि दारात गाडी होती. पण ज्यांनी तो तंबू ठोकला, आमचा स्वयंपाक केला, ते लोक कुठे झोपत होते? बाहेर वाळूवर, गोधडी टाकून. ज्या फुरशाच्या खुणांचे आम्ही फोटो काढले, ते त्यांच्या उशापासून दहा पावलांवरून गेलं होतं.

उंट घेऊन येणारा तरुण मेघवाल समाजातला होता. त्याने आम्हाला पीवणा सापाबद्दल सांगितलं. हा साप चावत नाही म्हणे. रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसतो, त्याचा श्वास पितो आणि निघून जातो. सकाळी माणूस उठतो तो पोट दुखतंय म्हणत. पापण्या जड होतात, बोलता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. त्याची चुलती अशीच गेली. गोगाजीच्या नावाने दोरा बांधला होता. मोठं हॉस्पिटल दूर होतं.

आमच्यातला एक जण हसला, "अंधश्रद्धा!" मला हे हसणं पटलं नाही. या लोकांचं निरीक्षण अचूक आहे, चुकलेलं आहे ते स्पष्टीकरण. हा साप म्हणजे मण्यार. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दात इतके बारीक की अनेकदा ना दुखतं, ना खूण दिसते. विष मज्जातंतूंवर काम करतं, पापण्या मिटतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. म्हणजे श्वास खरोखरच जातो. त्याला साप पीत नाही, एवढंच. हे विज्ञान त्या ढाणीपर्यंत का पोहोचलं नाही, हा प्रश्न आधी विचारावा लागेल. दवाखाना पोहोचत नाही, तिथे दोरा पोहोचतो.

मज्झिम निकायातल्या भयभेरव सुत्तात तथागत आपल्या भीतीबद्दल बोलतात. संबोधीपूर्वी रात्री अरण्यात जनावराची चाहूल लागली, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा वाजला की भय येत असे. चालताना भय आलं तर चालतच, बसले असताना आलं तर बसूनच त्यांनी ते दूर केलं. पळाले नाहीत आणि कुठल्या देवाच्या हवालीही ते केलं नाही. भय कुठून येतं, ते पाहिलं. आपली चिकित्सेची परंपरा ही आहे.

तिचं एक उदाहरण महाडला सापडतं. महाड आपल्याला १९२७ च्या चवदार तळ्यामुळे ठाऊक आहे. त्याच तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. हृदय कसं थकतं, फुप्फुसात पाणी कसं भरतं, हे त्यांनी टिपलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिलं. विंचवाने होणारे मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. हे मंत्राने झालं नाही, निरीक्षणाने झालं, आणि तेही एका साध्या सरकारी केंद्रात.

सापाच्या बाबतीत अजून खूप बाकी आहे. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनतं. ते विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं असतं. थरमधल्या फुरशावर हे प्रतिविष कमी पडतं, असं संशोधनात दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित कोण आहे? आजार की ज्याला तो होतो तो माणूस?

मित्रांनो, आपल्या ऊसतोडीच्या कोप्यांत, वीटभट्ट्यांवर, वस्तीतल्या मातीच्या घरांत आजही माणसं जमिनीवरच झोपतात. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, अशी योजना केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली आहे. ती आपल्या तालुक्यात कुठवर आली, हे आपणच विचारायचं आहे. आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत? ते द्यायला रात्री डॉक्टर असतो का? श्वास थांबला तर कृत्रिम श्वास देण्याची सोय आहे का? माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि वस्तीत जाऊन सांगा : खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, आणि सकाळी पापण्या जड झाल्या तर भगताकडे न जाता थेट दवाखाना गाठा.

जय भीम!