पुढून दोन इंच

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे ह्यूस्टनला गेले होते. अब्बांच्या इंतेकालानंतर दोन वर्षांनी आम्ही समोरासमोर भेटत होतो. मधल्या काळात ईदचा फोन व्हायचा. "कशी आहेस, आपा?" "ठीक." एवढंच.

त्याच्याकडे फोर्डची एफ-१५० पिकअप आहे. तिकडे पिकअप म्हणजे मालवाहू टेम्पो नव्हे. ऑफिसला, मशिदीत, मुलाच्या शाळेत, सगळीकडे तीच जाते. दुसऱ्या दिवशी त्याने मला गाडीच्या बाजूला उभं केलं आणि टेपने जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंतची उंची मोजून दाखवली. पुढची बाजू मागच्यापेक्षा सुमारे २ इंच खाली. "नाक खाली घातलेल्या बैलासारखी दिसते," तो म्हणाला. ती उचलायला त्याने लेव्हलिंग किट मागवलं होतं.

मला हसू आलं. अब्बांची टाटा ४०७ होती. चिपळूणच्या आसपास जांभ्याचे चिरे वाहायचे. पाटे बसले की कमानवाल्याकडे जायचे, तो पाटा तापवून, ठोकून पुन्हा बाक द्यायचा, कधी एक पाटा वाढवायचा. तेव्हा अब्बा हमखास सांगायचे, पाटा वाढला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. ॲक्सल तोच, ब्रेक तोच. मागची बाजू उंच असते ती माल भरल्यावर सपाट व्हावी म्हणून, हेही त्यांचंच. मी भावाला ते ऐकवलं. "माहीत आहे गं," तो म्हणाला, "पण मी कुठे चिरे भरतोय?"

किटमध्ये काय असेल म्हणून मी उत्सुक होते. निघाल्या दोन जाड धातूच्या चकत्या आणि थोडे नटबोल्ट. चकती जेमतेम १ इंचाची, आणि गाडी म्हणे २ इंच वर जाणार. मी भाषा शिकवणारी बाई, माझा हिशेब जमेना. मग त्याने समजावलं: स्प्रिंगचा खांब खालच्या दांड्याच्या मधोमध कुठेतरी टेकतो आणि चाक त्याच दांड्याच्या टोकाला असतं, मध्ये १ इंच सरकलं की टोकाला जवळजवळ दुप्पट. म्हणजे तरफच.

तिथली उष्णता आपल्या कोकणासारखीच चिकट. म्हणून फजरची नमाज झाल्या झाल्या बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली. मागच्या चाकांना अडण्या लावल्या, पुढून जॅकने उचलली आणि चेसिसखाली लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे दोघांनाही लहानपणापासून पाठ. मग चाक काढलं. खांबाच्या वरच्या टोकाला कडेने तीन नट असतात, तेच सोडायचे. मधला मोठा नट दिसतो, त्याला हात लावायचा नाही. त्याने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते, सुटली तर जीव घेईल.

वरचा बॉल जॉइंट काही सुटेना. भाऊ हातोडा जॉइंटवर न मारता शेजारच्या जाड लोखंडावर मारत होता. पाच-सात घावांनी खट्‌कन सुटला, आणि चाकाचा अख्खा गड्डा बाहेरच्या बाजूला कलंडला. "धर, धर! ब्रेकच्या नळीवर वजन येऊ देऊ नकोस." मी दोन्ही हातांनी धरून उकिडवी बसले. तो दोरी शोधायला म्हणून वळला, आणि वळलेलाच राहिला.

"आपा, त्या दिवशी मला थांबायचं नाही म्हणून कुणी ठरवलं?"

अब्बा गेले ते जुलैत. मला तिकीट मिळालंय, परवा पोहोचतो, तोंड तरी बघू दे, असं तो फोनवर रडत होता. मी म्हणाले होते, चाचांनी असरनंतर दफन ठरवलंय. मय्यत लवकर उचलावी हे खरं, आणि कुणी त्यावर बोट ठेवणार नाही. पण ठरवलं चाचांनी नव्हतं. चाचा तर म्हणाले होते, पोरगा येतोय, बर्फाची सोय करू.

हात काळे झालेले, सोडून उठता येत नव्हतं. मी सांगितलं. मीच नाही म्हणाले. पाऊस कोसळत होता, आदल्या रात्रीपासून वीज नव्हती. आठ महिने त्यांना उठवत-बसवत होते, माझ्यात आणखी दोन दिवस नव्हते. आणि तुझं तोंड बघायची ताकदही नव्हती, तू एवढे महिने आला नाहीस म्हणून.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग दोरी आणली, गड्डा वरच्या दांड्याला बांधला. "सोड आता," म्हणाला. "हात दुखले असतील."

पहिल्या बाजूला तीन तास लागले, दुसरीला दीड. प्रत्येक नट ठरावीक जोराने आवळायचा त्याच्याकडे वेगळा पाना होता. पुरेसा जोर झाला की कट्‌ करतो. तो आवळायचा, मी कागदावर खूण करायची. भाबीने मध्ये चहा आणला, आमची तोंडं पाहून ठेवला आणि गेली. चाकांचं अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडून करून घ्यायचं होतं. उंची बदलली की चाकांचा कोन बिघडतो, टायर एका कडेने झिजतात.

रात्री एक काम उरलं होतं. नाक वर गेलं म्हणजे दिवेही वर गेले, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. किट लावणारे पुष्कळजण हे करतच नाहीत, आणि बाकीच्यांनी रस्त्यावर आंधळं व्हायचं. भावाने आदल्या रात्रीच २५ फुटांवरून उजेडाची वरची कड गॅरेजच्या दारावर चिकटपट्टीने आखून ठेवली होती. आता उजेड त्या पट्टीच्या वर चढलेला. तो बॉनेटमध्ये वाकून स्क्रू फिरवू लागला, मी दारापाशी उभी.

"खाली येऊ दे," मी म्हणाले. "अजून. अजून येऊ दे."

अब्बा ४०७ मागे घ्यायचे तेव्हा आम्ही दोघं अंगणात असेच ओरडायचो. तो बॉनेटमागून हसला असावा, दिसत नव्हतं.

"बस?" त्याने विचारलं.

"डावीकडचा अजून थोडा."