असईचे गोलंदाज

वाचकहो, भोकरदनच्या बाजूला गेलात तर वाट थोडी वाकडी करून असईला जरूर जा. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातले हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेची इंग्रज सेनापती वेलस्लीशी गाठ पडली.

इंग्रज पलटणी संगिनी रोखून तोफांवर चालून आल्या. शिंद्यांचे पुष्कळ गोलंदाज तोफेजवळच कापले गेले. काही मात्र प्रेतांत प्रेतासारखे पडून राहिले. शत्रू पुढे सरकताच ते उठले, तोफांची तोंडे फिरवली आणि इंग्रजांच्या पाठीवर गोळे सोडू लागले! आपले पायदळ तर मोडले होते. वेलस्लीला माघारी वळून त्याच तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या.

जपानचा ओनोडा फिलिपाइन्सच्या रानात १९७४ पर्यंत लढत राहिला. महायुद्ध संपले, हे त्याला पटलेच नव्हते. आमच्या गोलंदाजांना निकाल डोळ्यांपुढे दिसत होता, तरी ते उठले. मला तरी यांचे मोल अधिक वाटते.

हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन झाला. तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, असे उतारवयात कोणी विचारले तेव्हा त्याने एकच शब्द उच्चारला : असई.