कंट्रोल-सी दाबलं की काय काय उचललं जातं!

वर्डमध्ये एक ओळ निवडा, कंट्रोल-सी दाबा आणि क्लिपबोर्डवर नक्की काय जमलंय ते मोजा. एक ओळ? छे! आरटीएफ आहे, एचटीएमएल आहे, युनिकोड मजकूर आहे, साधा मजकूर आहे, त्याच ओळीचं चित्रसुद्धा आहे. इतकी वर्षं कॉपी-पेस्ट करतोय आणि हे मला आत्ता कळतंय! विंडोजमध्ये एन्यूमक्लिपबोर्डफॉरमॅट्स नावाचं फंक्शन आहे. त्याला 'पुढचा कोण?' असं विचारत राहायचं. ते शून्य देईपर्यंत एकेका प्रकाराचा क्रमांक सांगत जातं. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम. तो लिहिल्यापासून मी दिसेल ते कॉपी करून बघतोय.

नोटपॅडमधून घेतलं तर यादी छोटी, पण तीही भारी. नोटपॅड ठेवतो फक्त युनिकोड मजकूर, प्रकार क्रमांक १३. जुना साधा मजकूर, क्रमांक १, कुणी मागितलाच तर विंडोज स्वतः तयार करून देतं. आणि इथेच आपल्या मराठीची गाठ पडते. विंडोजच्या जुन्या आठ-बिटी कोडपेजांत देवनागरीला जागाच नव्हती. विंडोज २००० मध्ये मराठी आली ती थेट युनिकोडमधून. म्हणून 'कॉटन ग्रीन' कॉपी करून एखाद्या प्रोग्रॅमने क्रमांक १ मागितला, की हातात पडतं '???? ?????'. मोजा! आधी चार, मग पाच. काना-मात्रेलासुद्धा एकेक प्रश्नचिन्ह. तेरा मागा, सगळं शाबूत. अक्षरं क्लिपबोर्डवर होतीच, मागणाऱ्याने चुकीचा प्रकार मागितला एवढंच.

याहून मोठा आनंद मला आरटीएफने दिला. लालबाग-परळच्या मंडळांच्या स्मरणिका वर्षानुवर्षं डीटीपीवाल्यांकडे जुन्या फाँटांत जुळवल्या गेल्या. शिवाजी, श्रीलिपी ही नावं कुणाला माहीत नाहीत? त्या फाँटांत मराठी अक्षर म्हणजे आतून इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचाच आठ-बिटी क्रमांक. फाँट त्यावर आपला आकार चढवतो. साधा मजकूर म्हणून पेस्ट केलं की फाँटचं नाव गळतं आणि कागदावर अगम्य रोमन कचरा उरतो. पण आरटीएफ मागा! त्याच्या सुरुवातीलाच फाँटांची यादी असते आणि पुढे प्रत्येक तुकडा कोणत्या फाँटातला, हे लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच ओळीतला देणगीदाराचा मराठी पत्ता कुठला आणि खरोखरच इंग्रजी असलेला ईमेल कुठला, हे ओळखता येतं. मराठी तुकडे तेवढे युनिकोडमध्ये बदलायचे, इंग्रजीला हात लावायचा नाही. हे जमलं त्या रात्री मला झोप आली नाही.

एचटीएमएल प्रकाराचीही गंमत बघा. त्याच्या डोक्यावर एक छोटी चिठ्ठी असते: निवडलेला तुकडा सुरुवातीपासून कितव्या बाइटवर सुरू होतो आणि कितव्या बाइटवर संपतो. बाइट, अक्षरं नव्हे! आत यूटीएफ-८ असतं. 'कॉटन ग्रीन' मध्ये काना, पाय मोडणं, मधली मोकळी जागा धरून दहा खुणा. पण देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची, म्हणून एकूण २८ बाइट. कुणी दहा मोजून थांबला, तर 'कॉट' येतं आणि त्यापुढे 'न' चा एक तृतीयांश तुकडा. निव्वळ इंग्रजी मजकुरात ही चूक दिसतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. म्हणून मी म्हणतो, असा प्रोग्रॅम तपासायचा तर मराठीतच तपासावा.

आणि उशिरा देण्याची युक्ती! एवढी रूपं दर वेळी बनवायची म्हणजे मेमरीचा केवढा खर्च. तर बनवायचीच नाहीत. सेटक्लिपबोर्डडेटाला प्रकार सांगायचा आणि डेटाच्या जागी नल द्यायचं. कुणी खरोखर मागितलं, की विंडोज मूळ प्रोग्रॅमला निरोप पाठवतं: आता बनव. आमच्या कॉटन ग्रीनच्या कापूस बाजारातही रीत अशीच होती. सौदा वानगीवर, गाठी गोदामात. एक्सेल बंद करताना 'क्लिपबोर्डवर पुष्कळ माहिती आहे, ठेवायची का?' असं विचारतं ना? मालक निघून चाललाय, कबूल केलेला डेटा आत्ताच बनवून ठेवावा लागेल, म्हणून तो प्रश्न!

मग कळलं की माउसने ओढून सोडणं हीसुद्धा तीच यंत्रणा. आयडेटाऑब्जेक्ट नावाची एकच वस्तू दोन्हीकडे चालते. ओढताना कर्सर खिडकीत शिरला, आत फिरतोय, सोडला, या प्रत्येक क्षणाला खालची खिडकी उत्तर देते: नक्कल घेईन, हलवून घेईन, नाहीतर नकोच. कर्सरशेजारचं अधिक-चिन्ह म्हणजे त्यातलं 'नक्कल घेईन' हे उत्तर. हलवण्यात तर किती सभ्यता आहे! सहसा घेणारा फक्त घेतो. मूळ पुसायचं काम देणाऱ्याचं, तेही 'हलवलं' हा निकाल हातात आल्यावरच. फाइल ओढली तर फाइल मुळी जातच नाही, जाते फक्त पत्त्यांची यादी, प्रकार क्रमांक १५. आउटलुकमधली अटॅचमेंट ओढली तर पत्ताही नसतो, कारण ती डिस्कवर वेगळी फाइल नसतेच. तिथे आधी वर्णन येतं आणि आतला मजकूर मागाहून.

आता मला स्वतःचा प्रकार हवाय! रजिस्टरक्लिपबोर्डफॉरमॅटला एक नाव द्यायचं, की ४९१५२ ते ६५५३५ मधला क्रमांक मिळतो. दुसऱ्या प्रोग्रॅमने तेच नाव दिलं तर त्यालाही तोच क्रमांक. परवानगी नाही, अर्ज नाही! मग संगणकावरच्या वर्गणीच्या वहीतली ओळ स्मरणिकेच्या यादीवर ओढली, की नाव, रक्कम, पावती क्रमांक सगळं सुटं सुटं पोहोचेल. तीच ओळ वर्डवर सोडली तर नेहमीचा मजकूर उतरेल. सध्या क्रम लावतोय. माझा प्रकार आधी, मग एचटीएमएल, मग आरटीएफ, शेवटी क्रमांक १३. कारण पुष्कळ प्रोग्रॅम यादी वरून खाली वाचतात आणि ओळखीचा पहिला प्रकार उचलतात.