उजवी सीट

पाच तारखेला सकाळी बँकेचा मेसेज आला. हप्ता कापला गेला होता. कर्ज माझं नाही, मावसभावाचं आहे. पण फॉर्मवर सह-कर्जदार म्हणून सही माझी आहे, कारण तेव्हा घरात सॅलरी स्लिप असलेला मीच होतो. तारण म्हणून मावशीचं कऱ्हाडचं घर आहे.

भाऊ पायलट आहे. म्हणजे, त्याच्याकडे कमर्शियल पायलटचं लायसन्स आहे. या दोन वाक्यांत केवढं अंतर असतं ते मला आत्ता कळतंय.

२०२३ ची गोष्ट. फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. जिकडे तिकडे एकच बातमी, देशाला हजारो पायलट लागणार. भावाचं बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं, मेडिकलही पास झालं. काका मला म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस. तू सांग काय ते."

मी एक्सेल उघडली. एका विमानामागे दहा पायलट धरले, ९७० ला दहाने गुणलं. ९,७०० नोकऱ्या! ऑफिसात कुणी असा अंदाज आणला असता तर मी रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढली असती. इंडिगोची ती ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात येणार आहेत, हे तेव्हाच छापून आलं होतं. मी फक्त हेडलाइन वाचली होती.

मग सुरू झालं. डीजीसीएचे पेपर: नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, टेक्निकल. रेडिओची परीक्षा वेगळी. आणि २०० तास उड्डाण. हे २०० तास ऐकायला किरकोळ वाटतात. पण पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण बंद, एखादं विमान दुरुस्तीला गेलं की मुलं कॅन्टीनमध्ये बसून. भावाचा एक अख्खा महिना तीन तासांवर गेला. हॉस्टेलचं बिल मात्र पूर्ण महिन्याचं यायचं.

लायसन्स आल्यावर मावशीने पेढे वाटले. पण या लायसन्सवर थेट एअरबस चालवता येत नाही. त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, सिम्युलेटरवरचं, पुन्हा काही लाखांचं. एअरबस ए३२० चं करावं आणि बोलावणं बोइंगवाल्याकडून आलं तर? त्यामुळे ते अजून केलेलं नाही.

आणि टंचाई आहे ती कॅप्टनची, म्हणजे डाव्या सीटवरच्या माणसाची. त्यासाठीच्या लायसन्सला १,५०० तास लागतात. नवा माणूस आधी उजव्या सीटवर बसतो, आणि त्याला तयार करायला शेजारी ट्रेनिंग देणारा कॅप्टन लागतो. म्हणजे जो कमी आहे, तोच. शिवाय रांगेत नुसते नवे नसतात. जेट २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट २०२३ मध्ये. तिथले हजारो तास उडवलेले लोकही नोकरी शोधायला बाहेर पडले होते.

पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची शेकडो विमानं रद्द झाली, तेव्हा भावाला नातेवाइकांचे फोनवर फोन. आता तुला बोलावतील बघ! तो मला म्हणाला, "दादा, त्यांना आज रात्री ड्यूटीवर येणारा माणूस पाहिजे. मला उद्या घेतलं तरी तयार व्हायला महिने जातील."

काका एसटीत ड्रायव्हर होते. आम्हा सगळ्यांत त्यांना हे प्रकरण लवकर समजलं. म्हणाले, "मी पण लायसन घेऊन तीन वर्षं वेटिंगवर होतो. पण तोवर ट्रक चालवत होतो. याला मधल्या काळात चालवायला ट्रक कुठाय?"

अमेरिकेत तो ट्रक असतो. तिथे एअरलाइनसाठी साधारणपणे १,५०० तास लागतात, आणि ते तास मुलं नवशिक्यांना शिकवून, शेतावर फवारणी करून, जाहिरातींचे फलक विमानामागे ओढून भरतात. आपल्याकडे २०० तासांवर थेट ए३२० मध्ये बसता येतं, हे कौतुकाने सांगतात. पण तिथे बसायला मिळालं नाही, तर मधे उभं राहायला फारशी जागाच नाही. आणि घरी बसूनही खर्च थांबत नाही. दरवर्षी मेडिकल, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी, तीही विमान भाड्याने घेऊन.

गेल्या रविवारी तो माझ्याकडे हिंजवडीला आला. इन्स्ट्रक्टर रेटिंगचं माहितीपत्रक घेऊन. पुन्हा पैसे, पण मग शिकवता शिकवता तास वाढतील. मी सवयीने लॅपटॉप ओढला. तो म्हणाला, "शीट नको रे दादा."

मावशीने फोनवर विचारलं, इन्स्ट्रक्टरला पगार किती? त्याने आकडा सांगितला. हप्त्यापेक्षा कमी आहे. वरचे पैसे मी घालणार. कोर्स पंधरा तारखेला सुरू होतोय, आणि काकांनी त्याच्यासाठी कऱ्हाडहून रात्रीची एसटी आत्ताच बघून ठेवलीय.