नुक्ता

उर्दू लिपीचा सारा भार नुक्त्यांवर. खाली एक दिला की बे, तीन दिले की पे. वर एक दिला की नून, दोन दिले की ते. एकाचे दोन झाले की शब्दच बदलतो. हे मी लहान मुलांना दर वर्षी घोकून घेते, आणि याच नुक्त्यांनी एकदा मला भर वर्गात उघडे पाडले.

2017 सालची गोष्ट. चौथीच्या इमल्याच्या वह्या तपासत होते. एका मुलाने 'नूर' लिहिले होते, मला ते 'तूर' दिसले. लाल शाईने काट मारली आणि वर म्हणाले, "ये क्या, तूर की दाल लिखा?" वर्ग खो खो हसला. परभणी जिल्ह्यातल्या पोरांना तूर काही समजावून सांगावी लागत नाही. तो मुलगा वही घेऊन उभा राहिला. "टीचर, मैंने तो एकीच नुक्ता दिया." मी त्याला दरडावून खाली बसवले. मधल्या सुट्टीत सोबतच्या शिक्षिकेला वही दाखवली. नुक्ता एकच होता.

तसे मला आधीपासून ठाऊक होते. चष्म्याचा नंबर वर्षातून दोनदा बदलायचा. रात्री दिव्यांना शेपट्या फुटायच्या. चाँदरातीला सगळे गच्चीवर जमायचे, "वो देखो, दिखा क्या?" आणि मला एका चाँदच्या जागी तीन पुसट रेघा दिसायच्या. "हां, दिख गया," म्हणून मी दुआला हात उचलायची. नोकरी नवी, सासर नवे. बाईच्या डोळ्यांत खोट आहे हे कळले की माणसे किती लांबवरचे बोलतात, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एका दुकानदाराने मऊ लेन्स दिल्या, त्यांनी काहीच फरक पडला नाही. शेवटी परभणीच्या एका डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, केराटोकोनस, आणि हैदराबादला जायला सांगितले.

सेलूहून रात्रीची गाडी धरून आम्ही नवराबायको एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत गेलो. डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी 1987 मध्ये ती उभी केली. संस्थेला नाव ज्यांचे, ते एल. व्ही. प्रसाद सिनेमावाले. 1931 च्या 'आलम आरा'त त्यांनी छोटेसे काम केले होते, हे कळले तेव्हा मला उगाचच धीर आला.

तिथे एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात. समोर एकात एक उजळ वर्तुळे असतात, त्यांची सावली डोळ्यावर पडते आणि यंत्र तिचा फोटो घेते. आमच्या वालूरच्या जुन्या बारवेत वरून डोकावले की पायऱ्यांचे फेरे दिसतात, तशी ती वर्तुळे दिसायला हवीत. माझ्या डाव्या डोळ्यात ती एका बाजूला खचलेली होती. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन खालच्या अंगाला शंकूसारखा पुढे आला होता. अशा उंचसखल पृष्ठभागावरून प्रकाश एका ठिकाणी जमत नाही, म्हणून एकाचे तीन दिसतात. चष्मा हे दुरुस्त करू शकत नाही. मऊ लेन्स तर डोळ्याचाच आकार घेते, वाकड्यावर वाकडी बसते. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि डोळ्याच्या मधली जागा अश्रू भरून काढतात आणि प्रकाशाला पुढे एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. युक्ती जुनी आहे. 1888 च्या सुमारास झुरिचला फिक आणि पॅरिसला काल्ट यांनी काचेच्या लेन्स डोळ्यावर बसवून पाहिल्या, काल्ट यांनी तर याच आजारासाठी. आता त्या प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या असतात.

उजव्या डोळ्याला छोटी कडक लेन्स जमली. डाव्याला जमेना. डोळ्यात रंग टाकून, निळ्या उजेडात पाहून त्यांनी एकामागून एक लेन्स लावून काढल्या, पण ती निसटायचीच. शिवाय आमच्याकडचा उन्हाळा, वावटळ आणि धूळ. छोट्या लेन्सखाली एक कण गेला की डोळ्यात निखारा पडल्यासारखे होते. म्हणून डाव्या डोळ्यासाठी स्क्लेरल लेन्स करून घेतली. ही मोठी, रुपयाच्या नाण्याहून थोडी लहान. कॉर्नियाला न शिवता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. वाटीसारखी सलाईनने काठोकाठ भरायची, टेबलावर आरसा आडवा ठेवून त्यात तोंड खाली घालायचे आणि वाटी डोळ्याला लावायची. बुडबुडा राहिला की काढून पुन्हा. पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला. लेन्स बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे एकेकटे उभे राहिले. मी रडले. रडल्याने लेन्स निघत नाही, हेही तेव्हाच कळले.

लेन्सने भागले नसते तर एखाद्या मृताचा कॉर्निया बसवावा लागला असता. तो घ्यायला मी तयार होते. नेत्रदानाचा फॉर्म मात्र मी अजून भरलेला नाही. याचे उत्तर माझ्याकडे नाही.

घरी दोन प्रश्न निघाले. पहिला वुजूचा. मौलाना म्हणाले, डोळ्याच्या आत पाणी पोहोचवणे वुजूत फर्ज नाही, लेन्सने अडत नाही. पण पाण्याचा दुसराच धोका आहे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात सूक्ष्म जंतू असतात, ते लेन्सखाली गेले तर डोळा नासू शकतो. म्हणून तोंड धुताना मी डोळे घट्ट मिटते आणि लेन्स कधीही पाण्याने धूत नाही. दुसरा प्रश्न सुरम्याचा. अम्मीने हयातभर आमच्या डोळ्यांत सुरमा घातला. त्यात बरेचदा शिसे असते आणि लेन्सवर त्याची पूड जाऊन बसते, हे तिला सांगितले तर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

लेन्सने आजार थांबत नाही, नुसते दिसते. वाढत असेल तर ब जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील किरण देतात, त्याने पडद्याला बळकटी येते. ते माझे झाले आहे. त्याहून सोपे म्हणजे डोळे न चोळणे. लहानपणी खाज सुटली की मी मुठीने डोळे रगडायची, कोणी कधी टोकले नाही. आता वर्गात कोणी डोळा चोळताना दिसला की मी खडू खाली ठेवते. पालकांना बोलावून डॉक्टरांकडे धाडते. काहींना राग येतो.

तो 'नूर'वाला मुलगा आता हायस्कूलला गेला आहे. गेल्या रमजानमध्ये इफ्तारीचे सामान घेताना बाजारात भेटला. मी त्याला विचारले, चौथीची इमल्याची वही आहे का तुझ्याकडे? ती काट मला सही करून दुरुस्त करायची होती. तो गोंधळला, मग हसला.

"रद्दी में दे दिए ना टीचर, कब की."